स्टँडखालचा दगड

…नाही नाही, राहू द्या, गाडी मी अशीच धरून उभा राहतो. तुम्ही दोघं बसा ना त्या बाकावर, सावली आहे, शाळा सुटायला अजून अवकाश आहे. साइड स्टँडवर लावू म्हणता? अहो, हे चेन्नईचं, अंबत्तूरचं डांबर बघितलंत का, सकाळी अकरालाच मऊ पडतं, स्टँड लावला की तो जातो आत, गाडी कलते, आणि मग आडवी. मेन स्टँड कधीच मोडलाय. आता तुम्ही म्हणाल, खाली एखादा दगड ठेवा. बरोबर, सगळे हेच म्हणतात, तुमचा काय दोष, तुम्ही पुण्याहून आलात, इथल्या मराठी मंडळाचे पाहुणे, शाळा बघायला आलात. पण तुम्हाला सांगतो, दगड हा शब्द माझ्यासमोर काढू नका. कारण मी असं काय केलं होतं? स्टँडखाली एक दगड ठेवला होता, बस्.

आणि मी कोण, तर इन्स्पेक्टर. पोलिसातला नव्हे हो… इथे जवळच आवडीला संरक्षण खात्याचा कारखाना आहे, तिथे क्वालिटीचा इन्स्पेक्टर. म्हणजे वीस-बावीस वर्षं मी काय करतो, तर समोर आलेली वस्तू हातात घेतो, उलटीपालटी करतो, कुठे चरा आहे का, पोपडा आहे का ते बघतो, आणि पास की नापास ते सांगतो. केसाएवढी चीर माझ्या नजरेतून सुटत नाही. आणि असा मी माणूस… जाऊ द्या, येतो त्याच्यावर.

ऊर्मी, आमची मिसेस, हिचीच ही शाळा, म्हणजे ती शिकवते इथे. ऐकू न येणारी मुलं सगळी. शाळेची जुनी व्हॅन गेल्या वर्षी बसली ती उठलीच नाही. मग मुलं बसनं, शेअर ऑटोनं, पायी. आणि ह्या रस्त्यावर? इथे लोकांना वाटतं हॉर्न वाजवला की ब्रेक लावायची गरज नाही, आणि ह्या पोरांना हॉर्न ऐकूच येत नाही. शरण्या म्हणून एक चिमुरडी आहे, दुसरीतली. पाण्याचा टँकर मागून हॉर्न देतोय, देतोय, देतोय, आणि ही आपली रस्त्यात वाकून बुटाची नाडी बांधतेय. टँकर दप्तराला घासून गेला. दप्तर फाटलं, पोर वाचली. ऊर्मीनं ते फाटकातून बघितलं, हाक मारून उपयोग नाही, आणि पळत पोचणं शक्य नाही. त्या दिवशी घरी आली ती नुसती बसून राहिली. मी चहा केला, तो तसाच गार झाला. मला काय करावं ते कळेना. खरंच कळेना.

तर पेरुंगुडीची एक कंपनी म्हणाली, आम्ही व्हॅन देतो. फक्त आमची माणसं धर्मादायासाठी मोटरसायकलवर निघतायत, चेन्नई ते कन्याकुमारी आणि परत, किनाऱ्याकिनाऱ्यानं, शाळेनं पण दोन जण द्यावेत. आणि अट एकच. जेवढे निघतील तेवढे सगळे एकत्र परत यायचे. एक जरी गळाला, एक जरी सगळ्यांना सोडून वेगळ्या वाटेला लागला, तर व्हॅन नाही. मी म्हटलं, ही काय अट झाली? व्हॅन द्यायची तर द्या ना, त्यासाठी माणसाला एप्रिलच्या उन्हात तापल्या सीटवर का भाजता? तर म्हणे कंपनीचं तत्त्व आहे… टीम. बरं, टीम तर टीम.

शाळेतर्फे पहिले उभे राहिले व्यासराज, शरण्याचे आजोबा. बँकेतून रिटायर झालेले, पण गाडीवर बसले की विशीतले. तंजावरकडचे मराठी. तीनशे वर्षांपूर्वी ह्यांचे पूर्वज इकडे आले ते इथेच राहिले, घरात अजून मराठी, पण तुम्ही ऐकाल तर पहिल्यांदा वाटेल जुनी बखर वाचतायत, दुसऱ्यांदा वाटेल तमिळ बोलतायत. आता दुसरा कोण? सगळे आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघतायत. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मी जातो. ऊर्मी वळली. "तुम्ही? तुम्ही भाजी घेऊन आलात तरी कमरेला बाम चोळून घेता." पण तुम्हाला सांगतो, बऱ्याच दिवसांनी ती माझ्याकडे नीट बघत होती. मग काय, माघार कशी घेणार?

आमचा पुढारी शेषाद्री. कंपनीतला मॅनेजर, पोरगेलासा, जाकीट असं की आता चंद्रावर उतरणार. दर थांब्याला भाषण. "टीम, वुई रोल टुगेदर, वुई रिटर्न टुगेदर, ओके?" ओके म्हटल्याशिवाय पाणी प्यायला देत नाही. नियम त्याचा एक चांगला होता, दिवस मावळला की गाड्या बंद, अंधारात कुणी चालवायचं नाही. म्हणजे ह्या सगळ्या प्रकारात रात्र कुठेही नाही बरं का. नंतर मला लोक म्हणाले, अंधारात भास होतात, झोप आलेली असेल. कसला अंधार? लख्ख ऊन, डोक्यावर सूर्य, डोळे टक्क उघडे. म्हणून तर जास्त भीती वाटते.

पहिल्या दिवशी पाँडिचेरी येईस्तोवर माझी कंबर गेली, चिदंबरमपर्यंत मांड्या गेल्या, नागपट्टणमला उतरलो तेव्हा गाडीवरून पाय पलीकडे टाकता येईना, व्यासराजांनी माझा पाय उचलून इकडे आणून ठेवला. शेषाद्री माझ्याकडे बघून हिशेब करत होता, हा उद्या गळणार. सगळ्यांनाच वाटत होतं. मलाही वाटत होतं. डोळ्यांपुढे त्या पोरीची बुटाची नाडी यायची, मग बसायचो परत.

दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, मनमेलकुडी सोडून खाली निघालो. एका बाजूला समुद्र, पण दिसत नाही, नुसता लखलखाट. रस्त्याला चिटपाखरू नाही. एक कडुनिंबाचं झाड आलं, तिथे शेषाद्रीनं हात वर केला, पाण्याचा थांबा. सगळ्यांनी सावली पटकावली, मी शेवटचा, माझी गाडी उन्हात. स्टँड लावला, गेला आत. पुढे घेतली, परत आत. म्हटलं काहीतरी चपटं हवं खाली. झाडामागे गेलो, तर तिथे मातीचे मोठे घोडे उभे. माणसापेक्षा उंच, रंग उडालेले, एकाचा कान गेलेला. आता मी साताऱ्याकडचा माणूस, मला वाटलं कुंभाराचा माल आहे, विकायला मांडलाय रस्त्याला. मी मनात म्हटलंसुद्धा, एवढे मोठे कोण घेणार? आणि त्या घोड्यांच्या पायाशी एक दगड. चपटा, भाकरीएवढा, वरून पिवळा. आता तुम्हीच सांगा, हायवेच्या मैलाच्या दगडांचं डोकं कुठल्या रंगाचं असतं? पिवळं. मी म्हटलं, फुटक्या मैलाच्या दगडाचा तुकडा. आपल्याकडे कसं, देव असला तर शेंदूर असतो, लांबून कळतं, पोरसुद्धा हात लावत नाही. पिवळा देव मी कधी बघितला होता? बावीस वर्षांत कधी बघितला होता का? उलटापालटा केला, चरा नाही, चीर नाही. पास. आणि स्टँडखाली ठेवला. काय केलं मी? स्टँडखाली एक दगड ठेवला, बस्.

आणि गाडी अशी उभी राहिली, तुम्हाला सांगतो, तसूभर हलली नाही. एवढा छान दगड टाकून कोण जाईल? जर्सीत गुंडाळला आणि मागच्या पिशवीत टाकला, म्हटलं पुढे सगळीकडे उपयोगी पडेल. उचलताना एक गोष्ट लक्षात आली होती. त्या उन्हात हाताला चटका बसायला हवा होता. दगड गार होता. माठाखालची फरशी असते ना, तसा.

निघालो. आणि माझी कंबर थांबली. दुखायची थांबली हो. गाडी माझी जुनी, चढाला खोकणारी, ती अशी पळायला लागली की शेषाद्रीला मागे टाकू नये म्हणून मला आवरावी लागत होती. मी खूष. मग एक गाव आलं, आणि गावाच्या शिवेवर, अगदी पाटीच्या अलीकडे, इंजिन बंद. मी काही केलं नाही. गाडी आपली आपण हळू झाली, बंद इंजिनावर तशीच सरकत राहिली, आणि हॉर्न वाजला. एकदाच. माझा अंगठा हॉर्नवर नव्हता. मग इंजिन आपलं आपण सुरू. मी म्हटलं, वायरिंग. पुढच्या गावाला परत. शीव आली की बंद, एक हॉर्न, आणि सुरू. तिसऱ्या गावाला मी नीट बघितलं, तर शिवेवर झाडाखाली तसलेच दोन मातीचे घोडे. मी म्हटलं, ह्या भागात कुंभार फार आहेत.

कुत्री. रस्त्यावरची कुत्री मोटरसायकल बघितली की काय करतात? पोटरी धरायला धावतात. आमच्या सगळ्यांच्या मागे धावली. माझी गाडी आली की बसायची. रस्त्याच्या कडेला, ओळीनं, गप्प. मान वळवून बघायची, पण माझ्याकडे नव्हे. माझ्या जरा मागे, जरा वर.

आणि पेट्रोल पंप.  रामनाथपुरमच्या अलीकडे एका पंपावर रांगेत थांबलो. पेट्रोल भरणारी मुलगी, असेल विशीची, सगळ्यांच्या गाड्यांत धडाधड भरतेय, माझ्यापुढे आली आणि थांबली. खाली बघितलं, आणि पायातल्या चपला काढल्या. तापलेल्या काँक्रीटवर अनवाणी उभी राहून तिनं पेट्रोल भरलं, आणि पुटपुटली, "सामी." आता सामी म्हणजे देव, पण इकडे साध्या माणसालाही आदरानं सामी म्हणतात, माझी दाढी वाढलेली, मला वाटलं मलाच म्हणाली. मीही म्हटलं, असू दे असू दे. मग चहाच्या टपरीवर तीन म्हातारे बसलेले, त्यांनी चपला काढल्या. वाटेत शेळ्या घेऊन एक बाई चालली होती, मी जवळ यायच्या आतच तिनं वहाणा काढून हातात घेतल्या. पिशवीचा बंद घट्ट. जर्सीची घडी घट्ट. कुणाला काही दिसण्याचा प्रश्नच नाही. मग ह्यांना कळत कसं होतं? मी व्यासराजांना म्हटलं, इथली माणसं फार नम्र आहेत हो. त्यांनी माझ्या मागच्या चाकाकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "तुमची गाडी मागून इतकी कां दबलीय, उन्मेषराव? कोणाला बसवून घेतलेंत की काय?"

कन्याकुमारीला सकाळी गाड्या धुवायच्या ठरल्या. मी दगड काढला, स्टँडखाली ठेवला, आणि पाइपचं पाणी सोडलं. पाणी दगडावर पडलं आणि पिवळं वाहायला लागलं. रंग असा वाहत नाही हो, वास आला… हळदीचा. त्या पिवळ्याखाली दगडाला दोन खाचा होत्या, आडव्या, डोळे असावेत तशा, गुळगुळीत झालेल्या. आणि व्यासराज माझ्या शेजारी उभे होते, त्यांनी आधी हेल्मेट काढलं, मग बूट काढले, मग मोजे काढले. मी म्हटलं, काय झालं? "उग्गी राहा," म्हणाले, म्हणजे गप्प राहा. "हें कोठून उचललेंत?" मी सांगितलं. घोड्यांपाशी. त्यांनी डोळे मिटले. "अय्यो… ते घोडे विकावयाचे नव्हेत हो. ते त्यांचे घोडे. शिवेचे राखणदार ते. अस्का गाव त्यांच्या भरंवशावर झोपतो. आणि तुम्ही त्यांना घेऊन फिरावयाला लागलेत? स्टँडखालीं?"

मी मटकन खाली बसलो. ओल्या फरशीवर. मी वस्तू तपासणारा माणूस, माझ्या हातून हे कसं झालं? मी म्हटलं, व्यासराज, परत ठेवू. परतीच्या वाटेवरच आहे ना, गुपचूप ठेवू, पाया पडू. ते म्हणाले, सरि, म्हणजे बरं. आणि तेवढ्यात शेषाद्रीची शिट्टी. "टीम, छोटासा बदल. परत जाताना किनारा नको, फार ऊन आहे. तूत्तुकुडीला डावीकडे वळायचं, मदुरैचा हायवे धरायचा, सुसाट घरी. ओके?" सगळे म्हणाले, ओके. मी तेवढा दगड परत जर्सीत गुंडाळला.

म्हणजे कळलं ना काय झालं? दगड ठेवायला जायचं तर मला सगळ्यांना सोडून एकट्याला किनाऱ्यानं जावं लागणार. एकटा गेलो की व्हॅन गेली. एकीकडे कुठलं तरी अख्खं गाव, ज्याची शीव माझ्यामुळे उघडी पडलीय, आणि एकीकडे ही आमची पोरं. शेषाद्रीला सांगावं? काय सांगू? की साहेब, रस्ता बदला, माझ्या पिशवीत देव आहे? तो मला तिथल्या तिथे आजारी म्हणून घरी पाठवणार, मग तर आणखीच गळालो. व्यासराजांना विचारलं, तुम्ही सांगाल तसं करतो. त्यांची नात आहे हो ती. ते बूट हातात घेऊन चालायला लागले.

तिरुचेंदूर मागे पडलं की मिठागरं लागतात. दोन्ही बाजूंना पांढरं, नुसतं पांढरं, मिठाचे ढीग, माणूस नाही, झाड नाही, बाकीच्या गाड्या पुढे ठिपक्याएवढ्या. आणि शीव नव्हती, गाव नव्हतं, घोडे नव्हते, तरी माझं इंजिन बंद पडलं. गाडी थांबली नाही. चालतच राहिली, सपाट रस्त्यावर, त्याच वेगानं. आवाज सगळा गेला. वाराही लागेना. आणि मग खालून, डांबरावर, टापा ऐकू यायला लागल्या. सावकाश, एकापाठोपाठ. मी हँडल धरून बसलेला. मागे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही, आणि तुम्हालाही झाली नसती.

मग मी बोललो. मोठ्यानं, मराठीत, दुसरी कुठली भाषा मला तेव्हा येतच नव्हती. म्हटलं, देवा, चूक माझी आहे. पण मी तुला आत्ता परत नेऊ शकत नाही. आमच्याकडे पोरं आहेत, त्यांना हॉर्न ऐकू येत नाही. मागून काय येतंय ते त्यांना कळत नाही. त्यांच्या मागे बघायला कुणी नाहीये. त्यांची व्हॅन येऊ दे, मग मी एकटा येतो, चालत येतो, गुडघ्यांवर येतो, मला काय करायचं ते कर, पण पोरांची व्हॅन येऊ दे. आणि रडलो. हेल्मेटच्या आत रडणं फार वाईट, पुसताही येत नाही. किती वेळ गेला माहीत नाही. मग इंजिन सुरू झालं.

तूत्तुकुडीचा फाटा आला. डावीकडे मदुरैची एवढी मोठी पाटी, हिरवी, वाचता न येणाऱ्यालाही कळेल अशी. सगळ्यात पुढे शेषाद्री. त्यानं डावा इंडिकेटर दिला. आम्ही सगळ्यांनी डावे इंडिकेटर दिले. आणि शेषाद्री सरळ गेला. इंडिकेटर डावीकडे चमकतोय आणि माणूस सरळ चाललाय, किनाऱ्याकडे. वुई रोल टुगेदर म्हणून बाकीचे त्याच्यामागे सरळ. मी सरळ. बरंच पुढे गेल्यावर चहाला थांबलो तेव्हा मी विचारलं, काय हो, हायवेचं काय झालं? तो म्हणाला, "सार, हायवेवरच तर आहोत आपण." डोळे कसे तरीच होते त्याचे. मी पुढे काही विचारलं नाही. तुम्ही विचारलं असतंत?

दुसऱ्या दिवशी झाडापाशी पोचलो तेव्हा परत भर दुपार. शेषाद्रीनं आपण होऊन हात वर केला. आणि त्या कान गेलेल्या घोड्याच्या पायाशी एक म्हातारी बसलेली, पाण्याची कळशी घेऊन, एका हाताला हळदीची वाटी. तिनं मला बघून एकच शब्द विचारला, "वंदुट्टिया?" आलास का? जसं काही मी सांगून गेलो होतो. मी दगड काढला, दोन्ही हातांनी पुढे केला, खाली वाकलो. तिनं त्याच्यावर तळवा ठेवला, आणि हसली, आणि मान हलवली. "वेरुम कल्लु." नुसता दगड आहे. व्यासराज मला समजावून सांगायला लागले, "ती म्हणते, ह्यांत ते नाहींत. उतरलेच नाहींत." मी म्हटलं, म्हणजे? म्हातारीनं हळदीचं बोट उचलून माझ्या गाडीकडे दाखवलं. रिकाम्या सीटकडे. ती सीट दबलेली होती हो. माझ्या डोळ्यांनी सांगतो, गाडी उभी, वर कुणी नाही, आणि सीट दबलेली.

म्हातारी बोलत होती, व्यासराज सांगत होते. की इतकी वर्षं ते इथे उभे आहेत, घोडे मातीचे, कुठे जाणार? आता निघालेत तर जाऊ दे. गावाची काळजी नको, घोडे इथे आहेत तोवर ते परत येणार, त्यांचं घर हे. आणि म्हणाली, तू वाटेत जे मागितलंस ते त्यांनी ऐकलं. मी म्हटलं, थांबा, मी मागितलं ते मराठीत. त्यांना मराठी कुठून कळणार? आणि तुम्हाला सांगतो, त्या सगळ्या प्रकारात व्यासराजांना पहिल्यांदाच राग आला. "कां कळणार नाही? आमचे लोक तीनशे वर्षं त्यांच्यापुढून जावयाला लागलेत, भांडावयाला लागलेत, रडावयाला लागलेत, अस्कं मराठींतच की. तुमचें नवें मराठीच त्यांना थोडें अवघड गेलें असेल."

दगड मी तिथेच ठेवला. जिथून उचलला तिथे. म्हातारीनं त्याला परत हळद लावली, यजमान बाहेरगावी गेले तरी आपण उंबरठा सारवतोच ना, तशी. आणि आम्ही सगळेच्या सगळे चेन्नईला परत आलो. कुणी गळालं नाही. अगदी मीसुद्धा.

व्हॅन आली जूनमध्ये. ती बघा, फाटकापाशी पांढरी उभी आहे ती. ज्या दिवशी आली त्या दिवशी मी माझी गाडी तिच्या शेजारी लावली, सहज, आणि गाडी मागून उचलली गेली. हलकी झाली. आणि त्याच क्षणी माझी कंबर पूर्ववत दुखायला लागली. तेव्हापासून माझी गाडी परत खोकते, कुत्री परत पोटरीला येतात, पंपावर कोणी चपला काढत नाही. आणि व्हॅनचा ड्रायव्हर श्रीहरी, नवा माणूस, त्याला मी एक अक्षर सांगितलेलं नाही, तो दुसऱ्या दिवशी ऊर्मीला म्हणाला, "मॅडम, प्रत्येक चौकात गाडी आपली आपण हळू होते आणि हॉर्न वाजतो. एकदाच. मी दाबत नाही." गॅरेजला दाखवली, काही सापडलं नाही. मग म्हणाला, आणखी एक आहे. तो हॉर्न वाजला की सगळी मुलं खिडकीतून बाहेर बघतात. ऊर्मी म्हणाली, मुलं कशी बघतील? त्यांना ऐकू येत नाही. तो म्हणाला, तेच तर.

ती स्वतः एकदा बसून गेली व्हॅनमधून. परत आली तेव्हा मला म्हणाली, "शरण्या हॉर्नच्या जरा आधी मान वर करते हो." बस्, एवढंच. मग तिनं माझ्या कमरेला बाम लावला, न मागता.

म्हणून म्हणतो, मला स्टँडखाली काही ठेवायला सांगू नका. वीट नको, फरशी नको, काही नको. कशात कोण असेल, मला काय माहीत? एकदा नजर चुकली, ती चांगल्याला चुकली, दरवेळी तसं होईल का? त्यापेक्षा मी धरून उभा राहतो. कारखान्यातून रोज लवकर सुटतो, इथे येतो, गाडी धरतो. का येतो? बघा ना, दिवा लागला. इथे घंटा नसते, दिवा लावतात. सुटली शाळा. आता नीट बघा, व्हॅनच्या पायरीपाशी.

बघितलंत? प्रत्येक पोर. कुणी शिकवलेलं नाही, ऊर्मीनं शंभर वेळा सांगून झालंय, बूट घालून चढा. नाही. पायरीशी आलं की बूट काढतात आणि अनवाणी आत. ड्रायव्हरच्या शेजारची सीट बघा, मोकळी. तिथे कुणी बसत नाही, मस्ती करणारीसुद्धा तिथे हात लावत नाहीत. ती शरण्या, ती… तीच. नाडी सोडतेय. आता व्हॅन निघणार, आणि बूट राहणार रस्त्यावर. मग ते गोळा कोण करतं? जोड्या कोण लावतं? घरोघर कोण पोचवतं? बावीस वर्षांचा इन्स्पेक्टर. डावा-उजवा तपासून, पिशवीत भरून, त्याच पिशवीत. काय केलं होतं मी? स्टँडखाली एक दगड ठेवला होता, बस्.

तेवढी गाडी धरता का जरा, बूट उचलून आणतो. हां, असं, हँडल घट्ट धरा, डावीकडे कलते ती. आणि… हे काय? तुमच्या चपला कुठे आहेत? बाकाखाली? कधी काढल्यात? तुम्हालाही माहीत नाही… बरं, राहू द्या. घालू नका आता, व्हॅन जाऊ द्या आधी. आणि ह्या तुमच्या सोबत्यांच्या? ह्यांनीपण काढल्यात. काही हरकत नाही हो, घाबरू नका, काही करत नाही तो. फक्त पायाचं माप सांगून ठेवा, राहिल्याच इथे तर मंडळाच्या हॉलवर आणून देईन. मला काय, पिशवी मोठी आहे.